वॉटची बेरीज जमली म्हणजे जनरेटर पुरतो?

नागपुरात मे महिन्यात लाइन गेली, कूलर बंद पडला की जनरेटरची चौकशी सुरू होते. सल्लाही ठरलेला: घरातल्या वस्तूंचे वॉट मोजा, तेवढ्याचा घ्या. हा सल्ला अर्धवट आहे. दिव्यांपुरती बेरीज चालते, मोटरला नाही. १ एचपीचा पाण्याचा पंप घ्या. चालताना तो साधारण १ किलोवॉट खातो, पण सुरू होताना क्षणभर कितीतरी पट जास्त करंट ओढतो. फ्रिजचंही तेच. छोटा जनरेटर तिथेच दम टाकतो. शिवाय जनरेटरवर लिहिलेले २.५ केव्हीए (त्याच्या क्षमतेचं माप) म्हणजे २.५ किलोवॉट नव्हे. पॉवर फॅक्टर, म्हणजे केव्हीएतला प्रत्यक्ष कामी येणारा भाग, ०.८ असेल तर २ किलोवॉटच. म्हणून आधी घरातली सर्वांत मोठी मोटर बघा. आणि कृपा करून जनरेटर बाल्कनीत ठेवू नका, खिडक्या उघड्या असल्या तरी: धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि तो जीव घेतो.