संकरित वाहनांतील ज्वलन संशोधन

पेट्रोल वा डिझेल एंजिन आणि विद्युत मोटर अशा दोन्हींच्या जोरावर चालणाऱ्या वाहनात इंधन कसे पेटते, किती वेळ जळते आणि निष्कास वायूत, म्हणजे एंजिनाबाहेर पडणाऱ्या धुरात, काय उरते, यासंबंधीचा अभ्यास. नेहमीच्या मोटारगाडीत एंजिनाचा वेग गिअरमार्फत चाकांशी बांधलेला असतो. सिग्नलवरचे रेंगाळणे, घाटातली चढण, महामार्गावरचा वेग हे सर्व त्याला पेलावे लागते. संकरित, म्हणजे बोलीतल्या हायब्रिड, गाडीत ही गाठ सैल होते. एंजिन फक्त विद्युत जनित्र फिरवत असेल, तर ती सुटतेच. मग एंजिन ठरावीक वेगाला व ठरावीक भाराला चालवता येते. त्या अरुंद पट्ट्याबाहेर निभाव न लागल्यामुळे मागे पडलेल्या काही ज्वलनपद्धती त्यामुळे पुन्हा विचारात घेतल्या जात आहेत.

संकरित वाहनाचा आरंभ कोणापासून मोजावा, याबद्दल एकमत नाही. फेर्डिनांट पोर्श यांनी व्हिएन्नातील लोनर कंपनीसाठी सु. १९०० मध्ये बनविलेले वाहन अनेक जण पहिले मानतात. काही जण बेल्जियमच्या आंरी पीपर यांच्या १९०९ च्या अमेरिकी पेटंटकडे बोट दाखवितात. या दोन्हींत एंजिन त्या काळचेच होते. ज्वलनापुरता विचार करता १९९७ मध्ये जपानात विक्रीस आलेल्या टोयोटा प्रियसपासून आरंभ धरणे अधिक सयुक्तिक होय.

अ‍ॅटकिन्सन की मिलर : प्रियसचे एंजिन ‘अ‍ॅटकिन्सन चक्रा’वर चालते, असे सर्वत्र म्हटले जाते. हे नाव कितपत योग्य, हा वाद जुना आहे. सामान्य एंजिनात पिस्टन जेवढे अंतर वर जाऊन मिश्रण दाबतो, तेवढेच अंतर खाली येताना जळलेला वायू प्रसरण पावतो. निष्कास व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा वायूत बराच दाब शिल्लक असतो आणि तो वाया जातो. प्रसरण संपीडनापेक्षा, म्हणजे मिश्रण दाबण्यापेक्षा, लांबविले, तर त्यातला काही भाग कामी येतो. इंग्रज अभियंते जेम्स अ‍ॅटकिन्सन यांनी १८८२ ते १८८७ या काळात ही कल्पना प्रत्यक्षात आणली. चार धावांच्या एंजिनाचे जर्मन निर्माते निकोलाउस ओटो यांच्या पेटंटला बगल देणे हाही त्यामागील एक हेतू असावा, असे सामान्यतः मानतात. त्यांच्या १८८७ च्या एंजिनात दांड्यांची गुंतागुंतीची जोडणी होती. क्रँकच्या एकाच फेऱ्यात चारही धाव (पिस्टनच्या वर-खाली खेपा) पूर्ण होत आणि त्यांची लांबी वेगवेगळी असे.

प्रियसमध्ये अशी जोडणी नाही. तेथे अंतर्ग्रहण व्हॉल्व्ह, म्हणजे मिश्रण आत घेणारी झडप, उशिरा मिटतो. पिस्टन वर चढू लागल्यावर थोडे मिश्रण परत मागे ढकलले जाते आणि प्रत्यक्ष संपीडन घटते. व्हॉल्व्हच्या वेळेत बदल करून संपीडन घटविण्याची ही युक्ती अमेरिकी अभियंते राल्फ मिलर यांच्या १९५७ च्या पेटंटच्या जवळची आहे. मात्र मिलर यांच्या रचनेत हवा दाबून भरणारे यंत्र होते. यावरून दाबून हवा भरणारे ते मिलर व नैसर्गिक श्वसनाचे ते अ‍ॅटकिन्सन, असा संकेत पडला आहे. तो सोयीचा असला तरी तर्काला धरून नाही. यंत्ररचनेपुरते श्रेय मिलर यांना व ऊष्मागतिकीय कल्पनेचे अ‍ॅटकिन्सन यांना देणे आणि चक्राला नुसते ‘अतिप्रसरण चक्र’ म्हणणे अधिक बरे.

नाव काहीही असो, या चक्रात आकारमानाच्या मानाने शक्ती कमी मिळते. पहिल्या प्रियसच्या १.५ लिटर एंजिनाची कमाल शक्ती ४३ किलोवॉट, म्हणजे सु. ५८ अश्वशक्ती होती. नेहमीच्या गाडीत एवढ्या ‘पिकअप’वर गिऱ्हाईक नाराज झाले असते, येथे उणीव मोटर भरून काढते. बदल्यात औष्णिक कार्यक्षमता वाढते. २०१५ च्या प्रियससाठी टोयोटाने ४० टक्क्यांचा आकडा दिला. निस्सानने २०२१ मध्ये, केवळ जनित्रासाठी ठरावीक वेगाला चालणाऱ्या एंजिनातून व उष्णतेच्या पुनर्वापरातून, ५० टक्क्यांचे उद्दिष्ट जाहीर केले. असे आकडे एंजिनाच्या सर्वोत्तम बिंदूवरचे असतात, हे ध्यानात ठेवावे.

ठिणगीविना ज्वलन : पेट्रोल व हवा यांचे विरळ, एकजीव मिश्रण केवळ दाबाने पेटविण्याचे प्रयोग जपानमध्ये १९७९ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. यात नायट्रोजन ऑक्साइडे व काजळी दोन्ही फार कमी. पण भार कमी असता मिश्रण पेटत नाही आणि भार वाढताच सर्व मिश्रण एकदम भडकून एंजिन खडखडते. मधला पट्टा तेवढा चांगला. संकरित गाडीला तोच पुरतो, म्हणून या पद्धतीला दुसरी संधी आहे. पेट्रोलसदृश इंधन संपीडनाने पेटविण्याच्या संशोधनात इंधन-संशोधक गौतम कलघटगी यांचे कार्य महत्त्वाचे आहे. इंधनाचा खडखडाटाला होणारा विरोध केवळ ऑक्टेन अंकावरून कळत नाही, तो एंजिनातील दाब व तापमानावरही अवलंबून असतो, हे त्यांनी मांडले.

वारंवार सुरू होण्याचा प्रश्न : येथील खरी अडचण स्थिर ज्वलनात नसून थांबण्या-सुरू होण्यात आहे, असे दिसते. निष्कासातील अपायकारक वायूंचे रूपांतर करणारा उत्प्रेरक साधारण २५० ते ३०० अंश से. तापल्यावरच नीट काम करतो. गाडी पुण्यातील कोथरूडच्या गल्ल्यांतून बॅटरीवर निघाली आणि चांदणी चौकाच्या चढावर एंजिनाला एकदम जागे व्हावे लागले, तर थंड सिलिंडर, थंड उत्प्रेरक व मोठा भार असे तिन्ही एकत्र येतात. शिवाय थांबताना एंजिनातून गेलेली हवा उत्प्रेरकात ऑक्सिजन साठवते. त्यामुळे पुन्हा सुरू होताना काही क्षण नायट्रोजन ऑक्साइडे तशीच निसटतात. उपाय म्हणून इंधन क्षणभर जास्त देणे, उत्प्रेरक विजेने तापविणे व ठिणगी उशिरा देणे यांवर काम चालू आहे.

पुण्यातील परिस्थिती : शहराची उंची सु. ५६० मी. असल्याने हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सु. ६ टक्के कमी असतो. नैसर्गिक श्वसनाच्या एंजिनाची शक्ती त्या प्रमाणात घटते, खडखडाटाची प्रवृत्तीही किंचित उतरते. पौड रस्त्यालगत वेताळ टेकडीवर ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था (स्थापना १९६६) आहे. सकाळी फिरायला जाणारे टेकडीलाच ‘एआरएआय’ म्हणतात आणि गाडी घेणारे संस्थेच्या नावाने मायलेज सांगतात. हे मायलेज १,१८० सेकंदांच्या चालनचक्रावर, म्हणजे गाडीचा वेग क्षणोक्षणी किती असावा हे ठरवून दिलेल्या चाचणीवर, मोजतात. त्यातील कमाल वेग ताशी ९० किमी. आहे. संकरित गाडीच्या चाचणीत बॅटरीतील प्रभार सुरुवातीला व शेवटी किती होता, याचाही हिशेब करावा लागतो, अन्यथा साठ्यातली वीज फुकटात जमा धरली जाईल. प्रत्यक्ष रस्त्यावरील उत्सर्जनाचे मापन एप्रिल २०२३ पासून लागू झाले.

केपीआयटी व भारत फोर्ज या पुण्यातील कंपन्यांनी २०१० मध्ये मांडलेला ‘रेव्होलो’ हा पुण्यातील लवकरचा प्रयत्न होता. जुन्या गाडीला मोटर व बॅटरी जोडण्याचा तो संच असल्याने मूळ ज्वलनात त्याने बदल होत नव्हता. पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे इंधनघटावरील (इंधन न जाळता त्यापासून थेट वीज बनविणाऱ्या घटावरील) काम ज्वलनाच्या कक्षेत येत नाही.

इंधनाच्या बाजूने इथेनॉल निर्णायक ठरेल. २० टक्के मिश्रणात दर लिटरमागे ऊर्जा सु. ६ ते ७ टक्के कमी असते. पण इथेनॉल वाफ होताना पुष्कळ उष्णता शोषते व खडखडाट रोखते, त्यामुळे संपीडन वाढविता येते. हाच गुण थंड एंजिन सुरू करताना आडवा येतो, आणि संकरित एंजिन तर दिवसातून अनेकदा सुरू होते. हायड्रोजन विरळ मिश्रणातही जळतो, ठिणगीही फार क्षीण पुरते. अकाली पेटणे ही त्यातील मुख्य अडचण होय.

दुचाकींबाबत सांगण्यासारखे थोडेच आहे. यामाहाच्या ‘हायब्रिड’ स्कूटरमध्ये मोटर निघताना क्षणभर हातभार लावते, ज्वलन पूर्वीचेच राहते. बजाजची २०२४ मधील सीएनजी मोटारसायकल द्विइंधनी आहे, संकरित नव्हे.