दुष्काळनिधी: सरकारचे कर्तव्य आणि वर्गणीचा पैसा

दुष्काळात सदावर्त घालणे, पेवे उघडून धान्य वाटणे, विहिरी-तलाव खणवून लोकांच्या हाताला काम देणे, हे प्रकार आपल्याकडे इंग्रजी राज्याच्या कितीतरी आधीपासून चालत आले होते. कंपनी सरकारच्या काळात त्यात एक नवी विभागणी आली. १८३७-३८ साली आग्रा प्रांतात मोठा दुष्काळ पडला, तेव्हा धडधाकट माणसांना काम देणे हे सरकारचे कर्तव्य आणि म्हातारे, अपंग, आजारी व पोरकी मुले यांचा सांभाळ समाजाच्या दानधर्मावर, असे धोरण सरकारने धरले. पुढील साठ-सत्तर वर्षांत दुष्काळासाठी जे निधी उभे राहिले, त्या प्रत्येकामागे या विभागणीचा वाद होता. म्हणून पैसा किती जमला यापेक्षाही तो कशावर खर्च करण्याची मुभा होती, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे.

१८७३-७४ साली बिहारमध्ये टंचाई आली, तेव्हा इंग्रज अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ मागवून फार मोठी मनुष्यहानी टाळली. परंतु त्यापायी झालेल्या खर्चाबद्दल त्यांच्यावर कडक टीका झाली. १८७६ साली दख्खन, कर्नाटक, म्हैसूर आणि मद्रास इलाख्यात पाऊस दगा देऊन गेला आणि व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी त्याच टेंपलसाहेबांना पाहणीसाठी पाठवले, तेव्हा काटकसर हेच त्यांचे मुख्य धोरण झाले होते. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत राणीच्या ‘कैसर-इ-हिंद’ या किताबाचा दरबार थाटात भरला आणि त्याच महिन्यात दुष्काळी कामांवरील मजुरी कमी करण्यात आली. पुरुष मजुराला दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर थोडे पैसे, एवढ्यावर दिवसभर खडी फोडायची. मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी एवढ्या अन्नावर माणूस कष्टाचे काम करूच शकत नाही, असा आक्षेप घेतला. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी ही मजुरी नाकारून कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, विशेषतः गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकाराने, गावोगावची हकिगत गोळा करून ती सरकारपुढे मांडली. उपाशी माणसाने मिळणारे कामही नाकारावे, यावरून त्या मजुरीची खरी किंमत कळते.

याच सुमारास जुन्नर, पुणे भागात सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते कामाला लागले होते. सावित्रीबाई फुले यांनी २० एप्रिल १८७७ रोजी ओतूरहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्या भागातील अन्नपाण्याची आणि चाऱ्याची दशा वर्णन केली आहे. पुढल्याच महिन्यात जोतीरावांनी सत्यशोधक मंडळींना मदतीचे आवाहन केले आणि धनकवडी येथे व्हिक्टोरिया बालाश्रम चालवून दुष्काळग्रस्त मुलांच्या जेवणाची सोय केली. वर्गणी मोठ्या शेठ-सावकारांकडूनच यायची असते, या समजुतीला येथे छेद गेला. ज्यांचा स्वतःचा संसार बेताचा होता, त्यांनी धान्य आणि श्रम दिले. या कामाची नोंद सरकारी अहवालांपेक्षा पत्रांतून आणि आठवणींतून अधिक मिळते, याचे वाईट वाटते.

मद्रास इलाख्यातील परिस्थिती सर्वांत भयंकर होती. ऑगस्ट १८७७ मध्ये तेथील गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांच्या अध्यक्षतेखाली सभा झाली आणि लंडनच्या लॉर्ड मेयरना तारेने मदतीची हाक देण्यात आली. लॉर्ड मेयरच्या अधिकृत निवासस्थानावरून ‘मॅन्शन हाउस फंड’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या निधीत काही महिन्यांत पावणेसात लाख पौंडांहून अधिक रक्कम जमा झाली. त्यात चर्चमधील दानपेट्या, शाळा, गिरण्यांतील कामगार अशा सर्व थरांतून पैसा आला. तारयंत्र आणि वर्तमानपत्रे नसती तर इतक्या थोड्या अवधीत हे घडले नसते. विलोबी हूपर या लष्करी अधिकाऱ्याने काढलेली हाडांच्या सापळ्यांसारख्या माणसांची छायाचित्रे याच दुष्काळातील आहेत. अशी चित्रे पाहून देणाऱ्यांचे मन द्रवते हे खरे. तरीही मरणाच्या दारी बसलेल्या माणसांना छायाचित्रासाठी ओळीने मांडण्याचा तो प्रकार आजही अस्वस्थ करतो.

भारत सरकारला हे आवाहन मुळीच रुचले नाही. लोकांचे प्राण वाचवणे ही सरकारने स्वीकारलेली जबाबदारी आहे, तेव्हा खाजगी दानाने त्यात हात घालू नये, अशी कलकत्त्याची भूमिका होती. शब्दांत ती उदात्त दिसते. परंतु ती घेणाऱ्या सरकारनेच मजुरी कापली होती, हे विसरता येत नाही. शेवटी तोडगा असा निघाला की सरकार जे देते ते निधीने पुन्हा द्यायचे नाही. मद्रासच्या समितीचे मानद सचिव आणि ‘मद्रास टाइम्स’चे संपादक विल्यम डिग्बी यांच्या देखरेखीखाली पुष्कळसा पैसा बियाणे, बैल, पडलेल्या घरांची डागडुजी आणि कपडे यांवर गेला. माझ्या मते या तडजोडीतून, जवळजवळ नकळत, एक फार शहाणपणाचा मार्ग सापडला. दुष्काळी कामावरून जिवंत परतलेल्या कुणब्याजवळ बैल नसतील आणि पेरायला बी नसेल, तर पुढचा पाऊस कितीही चांगला झाला तरी त्याला सावकाराच्या दारात उभे राहावेच लागते. सरकारी तगाई, म्हणजे शेतीसाठी मिळणारे कर्ज, परत फेडायची असे, निधीचे पैसे फेडायचे नसत. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा फरक फार मोठा होता.

या दुष्काळात एकट्या ब्रिटिश मुलखात पन्नास लाखांहून अधिक माणसे मेल्याचा अंदाज आहे. त्यानंतर रिचर्ड स्ट्रेची यांच्या आयोगाने १८८० साली अहवाल दिला आणि त्यातून प्रांतोप्रांतीचे दुष्काळ-संहितेचे नियम तयार झाले. असहाय माणसांना फुकट मदत देणे हेही आता सरकारचेच काम ठरले. मग वर्गणीचा पैसा कशासाठी, याचे उत्तर १८९६-९७ च्या दुष्काळात द्यावे लागले. जानेवारी १८९७ मध्ये अखिल भारतीय निधी सुरू झाला, तेव्हा त्याची उद्दिष्टे चार ठरली: सरकारी अन्नाखेरीज आजारी, वृद्ध आणि मुले यांना थोडे अधिक अन्नवस्त्र देणे, पोरक्या मुलांची व्यवस्था लावणे, अब्रूपायी खडी फोडायला किंवा अन्नछत्रात बसायला न जाणाऱ्या गरीब कुटुंबांना, पडद्यातील स्त्रियांना, घरपोच मदत करणे, आणि सर्वस्व गमावलेल्यांना पुन्हा आपल्या पायांवर उभे करणे. निधीत सुमारे १ कोटी ७० लाख रुपये जमले. सरकारचा मदतकार्यावरील खर्च सव्वासात कोटींच्या घरात गेला होता. त्याच्याशी ताडून पाहिले म्हणजे या निधीचे प्रमाण ध्यानात येते.

महाराष्ट्रात त्या साली प्लेगही होता. टिळकांनी ‘केसरी’तून आणि सार्वजनिक सभेच्या कार्यकर्त्यांमार्फत दुष्काळ-संहितेतील तरतुदी मराठीतून लोकांपर्यंत नेल्या आणि पीक बुडालेल्या ठिकाणी सारासूट, म्हणजे शेतसाऱ्यात माफी, मागणे हा रयतेचा हक्क आहे, असे सांगितले. दान मागण्याऐवजी हक्क मागण्याचा हा मार्ग सरकारला झोंबला आणि १८९७ साली सभेची मान्यता काढून घेण्यात आली. लंडनमध्ये दादाभाई नौरोजी त्याहून पुढचा प्रश्न विचारत होते: ज्या देशातून वर्षानुवर्षे संपत्ती बाहेर नेली जाते, त्या देशाच्या दुष्काळाचा भार इंग्लंडच्या तिजोरीने का उचलू नये?

पोरक्या मुलांवरून निराळाच तंटा पेटला. पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून मुली आणून केडगावला त्यांना आसरा दिला. मिशनऱ्यांच्या अनाथाश्रमांतही हजारो मुले दाखल झाली. धर्मांतराच्या भीतीने आर्य समाजाने लाला लजपत राय यांच्या पुढाकाराने हिंदू अनाथांसाठी वेगळी मोहीम काढली. त्या स्पर्धेत कटुता होती, पण तिच्यामुळेच अनेक मुलांना छप्पर मिळाले, हेही मान्य केले पाहिजे.

१८९९-१९०० चा, विक्रम संवत १९५६ वरून ‘छप्पन्नचा’ म्हटला जाणारा दुष्काळ आला तेव्हा इंग्लंडचे लक्ष आणि पैसा दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात गुंतला होता. तरीही लॉर्ड कर्झन यांच्या काळात उभारलेल्या निधीत सुमारे दीड कोटी रुपये आले. अमेरिकेतून मक्याने भरलेले ‘क्विटो’ हे जहाज मुंबईला आले. अमेरिकन मदतीच्या वाटपात अहमदनगरच्या मराठी मिशनचे रॉबर्ट ह्यूम यांचा मोठा वाटा होता. जयपूरचे महाराज माधोसिंह यांनी पंधरा लाख रुपये देऊन कायमस्वरूपी दुष्काळ-विश्वस्तनिधीचा पाया घातला, आणि दर दुष्काळात नव्याने झोळी फिरवण्याची गरज काही अंशी कमी झाली. १९०५ साली गोखल्यांनी स्थापलेल्या भारत सेवक समाजाने पुढे १९०७-०८ च्या संयुक्त प्रांतातील दुष्काळात गोपाळ कृष्ण देवधर यांच्या नेतृत्वाखाली कार्यकर्ते पाठवले.