मंगश्युए : चीनमधील पारंपरिक बालशिक्षण

चीनमध्ये सहा-सात वर्षांच्या मुलाला लेखन-वाचनाबरोबरच आपल्या देशाचा इतिहास, राजवंशांचा क्रम, आचारधर्म आणि ग्रंथपरंपरा यांची तोंडओळख करून देणारी शिक्षणपद्धती. तिचे धागेदोरे हान काळापर्यंत (इ. स. पू. २०६–इ. स. २२०) मागे नेता येतात. तिला स्थिर रूप मात्र सुंग काळात (९६०–१२७९) आले आणि ते विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत फारसे न बदलता टिकले.

चिनी लिपीला वर्णमाला नाही. मूळाक्षरे आणि बाराखडी पाठ करून पुढे हवे ते वाचावे, अशी सोय तेथील मुलाला नसते. प्रत्येक चिन्ह त्याच्या उच्चारासह आणि अर्थासह स्वतंत्रपणे शिकावे लागते. सुटी चिन्हे लक्षात राहत नाहीत म्हणून ती यमकबद्ध ओळींत गुंफण्याची प्रथा पडली, आणि ओळी रचायच्याच तर त्यांत उपयुक्त मजकूर का भरू नये, हा विचार ओघाने आला. चिनी बालपुस्तकांत इतिहास व संस्कृती यांना एवढी जागा मिळाली, त्याचे मूळ लिपीच्या या स्वरूपात आहे.

या वर्गातील एक फार जुने पुस्तक म्हणजे छिन साम्राज्याचा मंत्री ली स्सू याच्या नावाशी जोडलेले त्सांगज्ये. हान काळात त्याची ६० चिन्हांचा एक याप्रमाणे ५५ प्रकरणांत मांडणी झाली. पुढे ते लुप्त झाले. १९७७ मध्ये आन्ह्वे प्रांतातील फूयांग येथील थडग्यात सापडलेल्या बांबूच्या पट्ट्यांवर आणि नंतरच्या इतर शोधांत त्याचे तुकडे मिळाले. इ. स. पू. पहिल्या शतकात शी योऊ याने रचलेले जी-ज्यू-प्येन मात्र पूर्ण उपलब्ध आहे. त्यात आडनावे, कापडाचे प्रकार, अवजारे, वनस्पती, रोग, कायद्यातील संज्ञा अशी नामावळी आहे. वायव्य सीमेवरील हान चौक्यांच्या अवशेषांत त्यातील ओळी गिरवलेल्या लाकडी पट्ट्या सापडल्या, त्यावरून चौकीवरचे शिपाई व कारकूनही याच पुस्तकातून लिहायला शिकत असावेत.

सुंग काळानंतर तीन पुस्तकांचा एक संच रूढ झाला. त्यांच्या नावांतील पहिली अक्षरे घेऊन त्याला ‘सान-बाय-छ्येन’ (तीन-शंभर-हजार) म्हणतात. शिकवण्याचा क्रम रचनाकाळाच्या नेमका उलट आहे : सर्वांत अलीकडचे पुस्तक आधी, सर्वांत जुने शेवटी.

सहस्राक्षरी (छ्येन-त्झ-वेन) हे या तिघांतील सर्वांत जुने. ल्यांग वंशाचा सम्राट वू (कार. ५०२–५४९) याच्या आज्ञेवरून झोऊ शिंगसी (मृ. ५२१) याने ते रचले, याविषयी फारसा वाद नाही. विख्यात सुलेखनकार वांग शीझी याच्या हस्ताक्षरातील एक हजार वेगवेगळी चिन्हे सम्राटाने निवडून दिली, झोऊने एका रात्रीत त्यांची चार-चार चिन्हांच्या २५० ओळींत अर्थपूर्ण रचना केली आणि सकाळी त्याचे केस पांढरे झाले होते, ही आख्यायिका मात्र आख्यायिका म्हणूनच घ्यावी. चिन्हाची पुनरुक्ती नाही, या गुणामुळे या पुस्तकाचा क्रमांकांसारखा उपयोग होऊ लागला. सरकारी अधिकारी निवडणाऱ्या शाही परीक्षांच्या गृहांतील कोठड्या, बौद्ध त्रिपिटकाच्या पेट्या आणि ताओपंथी ग्रंथसंग्रहाचे खंड यांना सहस्राक्षरीच्या क्रमाने खुणा घातलेल्या आढळतात. म्हणजे लहानपणी पाठ केलेली कविता मोठेपणी ग्रंथालयात अनुक्रमणिका म्हणून कामी येई. याच नावाचा संस्कृत-चिनी शब्दसंग्रहही उपलब्ध आहे. तो भारतात येऊन गेलेला यात्रेकरू इ-त्सिंग (६३५–७१३) याच्या नावावर आहे, परंतु हे कर्तृत्व निर्विवाद नाही.

जपानमध्ये या पुस्तकाच्या आगमनाविषयी एक कालविसंगती प्रसिद्ध आहे. कोजिकी (७१२) या बखरीनुसार सम्राट ओजिनच्या कारकीर्दीत वानी नावाच्या कोरियन पंडिताने कन्फ्यूशसची वचने व सहस्राक्षरी जपानला नेली. ओजिनचा काळ कितीही अलीकडे ओढला तरी तो इ. स. ४०० च्या आसपासच येतो, आणि तेव्हा झोऊची रचना अस्तित्वातच नव्हती. त्याच नावाचे याहून जुने एखादे पुस्तक असावे, असा तर्क काहींनी केला आहे. बखरकाराने आपल्या काळातील परिचित पुस्तकाचे नाव मागे नेले, हे स्पष्टीकरण अधिक सरळ वाटते.

आडनावांचे पुस्तक (बाय-ज्या-शिंग) सुंग काळाच्या आरंभी आजच्या हांगझोऊच्या परिसरात तयार झाले असावे. त्याची पहिली चार आडनावे झाओ, छ्येन, सुन, ली अशी आहेत. झाओ हे सुंग सम्राटांचे, छ्येन हे त्या भागातील वूयुए राजांचे, सुन हे त्या राजाच्या राणीचे व ली हे दक्षिण तांग राजाचे आडनाव, असा उलगडा बाराव्या शतकात वांग मिंगछिंग याने केला आणि तो सामान्यतः मान्य आहे. प्रचलित प्रतीत ५०४ आडनावे असून त्यांपैकी ६० दोन चिन्हांची आहेत. मजकुराला अर्थ असा नाही. गावातील माणसांची नावे लिहिता-वाचता येणे हाच हेतू. तरीही आरंभी कोणाचे आडनाव घालायचे हा राजकीय प्रश्न राहिला. मिंग काळातील (१३६८–१६४४) एक सुधारित आवृत्ती त्या राजघराण्याच्या झू या आडनावाने सुरू होते, तर पुढच्या छिंग वंशातील खांगशी सम्राटाच्या नावाने निघालेली आवृत्ती कन्फ्यूशसच्या खुंग कुलनामाने.

संचातील पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे पुस्तक म्हणजे त्रिअक्षरी (सान-त्झ-जिंग). प्रत्येक ओळीत तीन चिन्हे; एकूण संख्या आवृत्तीनुसार सुमारे १,००० ते १,२०० च्या दरम्यान. आरंभ मनुष्यस्वभाव मुळात चांगला आहे या कन्फ्यूशसपंथी तत्त्वज्ञ मेन्सियसच्या सिद्धांताने होतो. लगेच मेन्सियसच्या आईची गोष्ट येते : मुलाला वाईट शेजार लागू नये म्हणून ती घर बदलते, आणि तो अभ्यास टाळतो तेव्हा मागावरचे कापड कापून टाकते. मग आईवडिलांचे अंथरूण उबदार करणारा नऊ वर्षांचा ह्वांग श्यांग, मोठी नासपती भावांना देणारा चार वर्षांचा खुंग रुंग. त्यानंतर संख्यांच्या आधारे जगाची यादी आहे, ती तीन शक्ती (आकाश, पृथ्वी, मनुष्य), चार ऋतू, पंचमहाभूते, सहा धान्ये, सहा पाळीव प्राणी, सात भावना अशी चढत जाते. पुढे कोणते ग्रंथ कोणत्या क्रमाने वाचावेत ते सांगितले आहे.

इतिहासाचा भाग याच्या मध्यावर आहे. फू-शी, शन-नुंग व पीत सम्राट या पुराणपुरुषांपासून सुरुवात करून श्या वंशाला ४००, शांगला ६०० व झोऊ वंशाला ८०० वर्षे दिली आहेत. नंतर छिन, दोन हान, तीन राज्ये, जिन, दक्षिणेकडील व उत्तरेकडील वंश, स्वी, तांग, पाच वंश आणि सुंग. प्रत्येकाची बोळवण जेमतेम दोन-चार ओळींत होते. कोणी राज्य मिळवले, कोणी गमावले, एवढेच. पेशवाईतील पंतोजींच्या शाळेतल्या मुलाने पावकी-निमकी घोकावी तसा चिनी मुलगा राजवंश घोकत असे. कालगणना ढोबळ आहे आणि श्या वंशाच्या ऐतिहासिकतेवर आज वाद आहेत, पण नंतर वाचायच्या बखरी टांगायला मुलाला खुंट्या मिळत. शेवटच्या भागात अभ्यासू माणसांच्या कथा आहेत : झोप येऊ नये म्हणून केस तुळईला बांधणारा, काजव्यांच्या उजेडात वाचणारा, बैलाच्या शिंगाला पुस्तक अडकवून चालणारा.

त्रिअक्षरीच्या कर्तृत्वाचा प्रश्न अद्याप सुटलेला नाही. लोकपरंपरा ती वांग यिंगलिन (१२२३–१२९६) या निंगबो परिसरातील बहुश्रुत पंडिताची मानते. १६६६ च्या सुमारास वांग श्यांग याने लिहिलेल्या भाष्याने ही समजूत पक्की केली. तिच्या बाजूने तीन गोष्टी सांगता येतात. वांग यिंगलिनने जी-ज्यू-प्येन या जुन्या बालपुस्तकावर पुरवणी भाष्य लिहिले होते, म्हणजे त्याला या विषयात रस होता. संख्यांनुसार ज्ञानाची वर्गवारी करणारा त्याचा दुसरा एक संग्रह त्रिअक्षरीतील यादीशी जुळतो. आणि मजकुरात इतिहासग्रंथांची संख्या १७ दिली आहे, ती सुंग काळातील गणना होय.

विरुद्ध बाजूही भक्कम आहे. तीन राज्यांपैकी शू हेच हान वंशाचे खरे वारस, हे सुंग काळातील तत्त्वज्ञ झू शी याचे मत वांग यिंगलिनला मान्य होते. त्रिअक्षरीच्या बहुतेक प्रतींत मात्र वै राज्याचे नाव आधी येते. याहून अडचणीची ओळ ल्यांग हाव याच्याविषयीची आहे. तो वयाच्या ८२ व्या वर्षी शाही परीक्षेत पहिला आला असे त्रिअक्षरी सांगते. वास्तविक ९८५ मध्ये पहिला आला तेव्हा तो तरुण होता आणि चाळिशीच्या आगेमागे वारला. ही चूक हुंग माय (११२३–१२०२) याने आधीच दाखवून दिली होती. वांग यिंगलिनसारख्या चिकित्सकाला ती ठाऊक नसावी, हे पटत नाही.

दुसरा दावेदार क्वांगतुंगमधील शुनदे येथील ओऊ शीत्झ. सतराव्या शतकातील छ्यू दाजून याने हे नाव निःसंदिग्धपणे दिले आहे, पण तो स्वतः क्वांगतुंगचा असल्याने प्रांताभिमानाचा भाग वजा करावा लागतो. अठराव्या शतकात शाओ जिनहान याने त्याच प्रांतातील ली झेन याचे नाव घेतले. तो मिंग काळाच्या आरंभीचा. जेम्स टी. सी. ल्यू यांनी १९८५ मध्ये वेगळ्याच दिशेला लक्ष वेधले : झू शीचा शिष्य छेन छुन (११५९–१२२३) याने मुलांसाठी तीन चिन्हांच्या ओळींची रचना केली होती आणि तिचा आशय त्रिअक्षरीच्या आरंभाशी मिळताजुळता आहे.

अंतर्गत पुराव्यावरून काही मर्यादा घालता येतात. मजकुरात सुंग वंशाचे १८ सम्राट झाल्याचा निर्देश आहे आणि अठरावा बालसम्राट १२७८ मध्ये गादीवर आला. तेव्हा निदान ही ओळ त्यानंतरची. ती छेन छुनची असू शकत नाही, वांग यिंगलिनची असू शकते. उलट, शेतकऱ्यांची मुले हिवाळी शाळेत कोणती ‘गावठी पुस्तके’ वाचतात हे सांगताना कवी लू योऊ (११२५–१२१०) आडनावांचे पुस्तक व शब्दयाद्या यांचा उल्लेख करतो, त्रिअक्षरीचा करत नाही. एकंदरीत छेन छुनच्या धर्तीवरील एक लहान मजकूर सुंगच्या अखेरीस आकाराला आला आणि नंतर अनेक हातांनी तो वाढवला, हे मत इतरांपेक्षा सयुक्तिक दिसते. पुढची वाढ तर उघडच आहे. मिंग व छिंग काळातील प्रतींत युआन आणि त्यानंतरचे वंश जोडले गेले, इतिहासग्रंथांची संख्याही १७ वरून २१, २२ अशी सरकत गेली. १९२८ मध्ये झांग बिंगलिन याने त्रिअक्षरीची सुधारित आवृत्ती तयार केली.

या संचाचा हेतू ल्यू कुन (१५३६–१६१८) या मिंग अधिकाऱ्याने नेमका सांगितला आहे. आठ वर्षांखालील मुलांना माहिती वाढावी म्हणून त्रिअक्षरी, रोजच्या व्यवहारासाठी आडनावे आणि सहस्राक्षरीतही तत्त्वविचार आहे म्हणून ती, असे तो लिहितो. तिन्ही पुस्तके मिळून सुमारे २,७०० चिन्हे होतात. पुनरुक्ती वगळता दीड ते दोन हजार उरतात. खाजगी शाळेत (स्स-शू) गुरुजी ओळ म्हणत, मुले मागून म्हणत. पाठ झाल्यावर मुलगा गुरुजींकडे पाठ फिरवून उभा राही आणि धडा घडाघडा म्हणून दाखवी. लाल शाईत छापलेल्या चिन्हांवर काळ्या शाईने गिरवणे हा लेखनाचा सराव. अर्थ सांगण्याची घाई नसे, तो काही वर्षांनी येई. या पद्धतीला आतून विरोधही झाला. वांग युन (१७८४–१८५४) याच्या मते आधी चित्रसदृश साधी चिन्हे समजावून द्यावीत, भरपूर चिन्हे ओळखता आल्यावरच पुस्तक हाती द्यावे.

त्रिअक्षरीचा साचा परक्यांनी व बंडखोरांनीही उचलला. ख्रिस्ती मिशनरी रॉबर्ट मॉरिसनने १८१२ मध्ये तिचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, तर वॉल्टर मेडहर्स्टने १८२३ मध्ये त्याच छंदात ख्रिस्ती त्रिअक्षरी लिहिली. छिंग राजवटीविरुद्ध उठलेल्या, ख्रिस्ती विचारांनी भारलेल्या थायपिंग बंडखोरांनी १८५३ मध्ये स्वतःची काढली. तिच्यात कन्फ्यूशसऐवजी बायबलमधील कथा आहेत.

शाही परीक्षा १९०५ मध्ये बंद झाल्या आणि १९१२ मध्ये प्रजासत्ताकाचे शिक्षणमंत्री त्साय युआनपै यांनी प्राथमिक शाळांतून अभिजात ग्रंथांचे पठण काढून टाकले. नव्या क्रमिक पुस्तकांत इतिहास हा वेगळा विषय झाला. खेड्यांतील खाजगी शाळा मात्र त्यानंतरही काही दशके चालू होत्या. १९७४ च्या कन्फ्यूशसविरोधी मोहिमेत त्रिअक्षरीवर जाहीर टीका करण्यात आली. पुढे १९९५ मध्ये क्वांगतुंगमध्येच शाळकरी मुलांसाठी नवी त्रिअक्षरी प्रकाशित झाली. तैवानमध्ये वांग त्सायग्वै यांनी १९९४ पासून मुलांच्या ग्रंथपठणाची चळवळ सुरू केली आणि ती नंतर चीनमध्येही पसरली.

मुलींसाठी स्वतंत्र त्रिअक्षरी व इतर नीतिपाठ होते. ते बहुधा घरीच शिकवले जात.