हे वाक्य नेमकं कुणाचं? संज्ञाप्रवाह आणि मुक्त अप्रत्यक्ष निवेदन

परीक्षेत आधुनिकतावादी कादंबरीतल्या लग्नाबद्दल लिहिताना पात्राच्या मनात आलेलं सगळंच ‘संज्ञाप्रवाह’ (मनातल्या विचारांचा अखंड ओघ) म्हणून खपवलं जातं. इथे दोन वेगळी तंत्रं आहेत. उदाहरण नाशकातलंच घेऊ.

‘ती रविवार कारंज्यावर थांबली. आता सासूबाई विचारणारच, एका जुडीला दीड तास? आणि हे पेपरातून मान वर काढणार नाहीत.’

हे मुक्त अप्रत्यक्ष निवेदन, म्हणजे वाक्य निवेदकाचं पण सूर आणि शब्द पात्राचे. सुरुवात निवेदकाची, पण ‘सासूबाई’ आणि विशेषतः ‘हे’ तिचे शब्द. निवेदक ‘तिचा नवरा’ म्हणाला असता. ‘तिला वाटलं’ कुठेच नाही, म्हणून वाचक फसतो.

आता तोच क्षण संज्ञाप्रवाहात: ‘वीसला एकच जुडी पिवळी पानं काढावी लागणार आईच्या परसातली मेथी कशी हे पेपरच वाचत असतील रिक्षा आली नाही ही भरलेली’. निवेदक गायब, विरामचिन्हंही. जेम्स जॉइसच्या ‘युलिसिस’ कादंबरीच्या (१९२२) शेवटच्या प्रकरणात मॉली ब्लूम अशीच वाहते, आठ लांबलचक वाक्यांत. (काटेकोरपणे याला अंतर्गत स्वगत म्हणतात, संज्ञाप्रवाह ही व्यापक संज्ञा. परीक्षेत एवढं लिहिलं तरी पुरे.) मराठीत मर्ढेकरांची कादंबरी ‘रात्रीचा दिवस’ (१९४२) याच वाटेची.

इंग्रजी कादंबरीकार व्हर्जिनिया वुल्फचं नाव संज्ञाप्रवाहाशी जोडलेलं असलं, तरी तिचं काम बरंचसं पहिल्या तंत्रावर, मुक्त अप्रत्यक्ष निवेदनावर, चालतं. घोळ होतो तो इथेच. तिच्या ‘टू द लाइटहाउस’मध्ये (१९२७) बिनलग्नाच्या बाईचं आयुष्यातलं सर्वोत्तम हुकलं, असा एक सूर आहे. तो लेखिकेचं मत म्हणून उद्‌धृत झाला की उत्तर कोसळतं. बोलणं घरच्या यजमानीण मिसेस रॅमसेचं, आठवतेय ते त्यांच्याकडे आलेल्या चित्रकार लिली ब्रिस्कोला, आणि लिलीला लग्न नकोच आहे. म्हणजे वाक्य दोन मनांतून गाळून आलंय. बायकांना चित्रं काढता येत नाहीत, हे टॅन्सली या दुसऱ्या पाहुण्याचं बोलणंही लिलीच्या डोक्यात घुमत राहतं. तिथेही त्याला वुल्फचा सिद्धान्त समजू नका.

शंका आली तर ‘ती’च्या जागी ‘मी’ घाला. वाक्य सुरळीत चाललं तर बहुधा पात्राचं. ‘आपण सुंदर दिसतोय हे तिला ठाऊक नव्हतं’ याचं ‘मला ठाऊक नव्हतं’ करून बघा. त्या क्षणी ते कुणाच्या मनात येऊच शकत नाही, म्हणजे ते निवेदकाचं.

मराठी अनुवादात मात्र ही कसोटी पुरत नाही. इंग्रजीत नवऱ्यासाठी येणाऱ्या ‘he’ला ‘तो’ लिहायचं की ‘हे’, इथेच अनुवादकाने वाक्य कुणाचं ते ठरवून टाकलेलं असतं.