पार्श्वभूमी : गाडीतला बीप आला कुठून?

शिवडीहून अटल सेतूवर चढलं की रस्ता मोकळा होतो आणि काटा बघता बघता ८० च्या पुढे जातो. लगेच डॅशबोर्डमधून बीप येतो. मिनिटभराने पुन्हा येतो. या पुलावर कारला ताशी १०० किलोमीटरची परवानगी आहे, म्हणजे चालकाचं काही चुकलेलं नसतं. तरी चिर्लेपर्यंतच्या २१.८ किलोमीटरमध्ये तो डझनभर वेळा वाजतो. मागे बसलेली आई विचारते, "काय झालं रे?" आणि आपण म्हणतो, "काही नाही, वाजतं ते."

धोक्याची सूचना देणाऱ्या आवाजाबद्दल "काही नाही, वाजतं ते" असं म्हणायची सवय आपल्याला लागली आहे, आणि ती मला फार काळजीची वाटते. ती एकट्या चालकाच्या बेफिकिरीतून आलेली नाही. गाडीने कधी, किती आणि कशासाठी वाजावं यावर गेली पन्नासहून अधिक वर्षं कायदा आणि माणसाचा कान यांची ओढाताण चालू आहे, तिचीही ती देणगी आहे.

आधी गाड्या वाजत नव्हत्या. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून निघालेली पद्मिनी आठवा. काळी-पिवळी टॅक्सी म्हणून शेवटच्या पद्मिनीची नोंद ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली आणि टॅक्सीला असलेली २० वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ अखेरीस ती रस्त्यावरून गेली. तिच्या डॅशबोर्डवर ऑइलचा आणि चार्जिंगचा असे लाल दिवे होते. दार उघडं राहिलं किंवा हेडलाइट चालू राहिला, तर सांगणारं कुणी नव्हतं. सकाळी बॅटरी उतरलेली मिळाली की कळायचं, आणि मग चाळीतली चार पोरं धक्का मारायला धावायची. बाकी सगळं चालक कानाने ओळखायचा. फॅनबेल्टची किंचाळी, टॅपेटची टकटक, झिजलेल्या ब्रेक लायनरची घासघास. आमच्या शेजारी टॅक्सी चालवणारे एक काका राहायचे. जिन्यावरून उतरताना खाली कुणी गाडी सुरू केली, तर ते पायरीवर थांबून ऐकायचे आणि नुसत्या आवाजावरून कसलं काम निघालंय ते सांगायचे.

या गाड्यांत यंत्राने नियमाने दिलेला एक आवाज मात्र होता : इंडिकेटरची टिकटिक. ती कुणी मुद्दाम बसवलेली नव्हती. फ्लॅशरमध्ये दोन धातू एकमेकांना चिकटवलेली पट्टी असायची. वीज वाहिली की ती तापून वाकायची आणि जोड तुटायचा. थंड झाली की सरळ होऊन जोड पुन्हा जुळायचा. त्या वाकण्या-सरळ होण्याचा आवाज म्हणजे टिकटिक. एखादा बल्ब उडाला की प्रवाह कमी व्हायचा आणि टिकटिकीची लय बदलायची, म्हणजे बिघाडही तिथेच ऐकू यायचा. आजच्या बऱ्याच गाड्यांत दिवा मिचकावण्याचं काम इलेक्ट्रॉनिक्स बिनआवाजी करतं. तरी टिकटिक ऐकू येते, कारण ती स्पीकरमधून वाजवली जाते. लोकांच्या कानाला तिची इतकी सवय झाली होती की यंत्र गेलं तरी आवाज ठेवावा लागला.

मुद्दाम बसवलेला बझर अमेरिकेत सक्तीचा झाला तो गाडीचोरीमुळे. किल्ली गाडीतच विसरणारे चालक पुष्कळ, ती पाहून गाडी पळवणारी मुलंही पुष्कळ, आणि चोरीच्या गाड्यांना अपघात जास्त. म्हणून १ जानेवारी १९७० पासून तिथल्या नव्या कारना नियम लागला, की किल्ली तशीच ठेवून चालकाने दार उघडलं तर गाडीने त्याला सावध करावं. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात विद्युतघंटेची आकृती असते : विद्युतचुंबक पट्टी ओढतो, ओढताना मंडल तुटतं, पट्टी मागे येते, मंडल पुन्हा जुळतं. त्यातली घंटेची वाटी काढून टाका, उरते ती नुसती घरघर. हाच तो बझर. स्वस्त, दणकट आणि कर्कश.

सीट बेल्टच्या पट्ट्यासाठी हाच बझर वापरायचं ठरलं आणि प्रकरण चिघळलं. तीन ठिकाणी बांधणारा सीट बेल्ट व्होल्वोचे अभियंता निल्स बोलिन यांनी १९५९ मध्ये आणला होता, पण लोक तो लावत नव्हते. १९७२ च्या सुमारास अमेरिकी गाड्या पट्टा न लावल्यास घरघर करू लागल्या. लोकांनी पट्टा पाठीमागून अडकवला, वायर तोडली. मग सरकारने पुढची पायरी गाठली : १९७४ च्या मॉडेलमध्ये पुढे बसलेल्यांनी पट्टा लावल्याशिवाय इंजिनच सुरू होणार नाही. सीटवर किराण्याची पिशवी ठेवली तरी गाडी तिला माणूस समजायची आणि हटून बसायची. लोक एवढे संतापले की संसदेने हा नियम रद्द केला, आणि २७ ऑक्टोबर १९७४ रोजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी सही केलेल्या कायद्याने इंजिन अडवण्याच्या सक्तीवर बंदी घातलीच, वर पट्ट्यासाठी ८ सेकंदांपेक्षा जास्त बझर सक्तीचा करता येणार नाही अशी मर्यादाही टाकली. ती २०१२ पर्यंत टिकली. एका चुकीच्या आवाजाने सुरक्षेचं एक पाऊल जवळपास चाळीस वर्षं अडवून धरलं. या विषयाच्या इतिहासातली मला सगळ्यात मोठी वाटणारी गोष्ट हीच.

जपानने वेगळा मार्ग धरला. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून १९८६ पर्यंत तिथल्या कारमध्ये वेगाची घंटा असायची. द्रुतगती मार्गांवर मर्यादा १०० ची, आणि काटा त्याच्या थोडा वर गेला की धातूच्या पट्टीवर खराखुरा ठोका पडून देवघरातल्या छोट्या घंटेसारखा गोड नाद यायचा. रस्त्याची मर्यादा आणि घंटेचा आकडा एकमेकांना धरून होते, हे लक्षात ठेवू. पुढे त्याची गरज पडेल. त्यानंतर थोडा काळ गाड्या बोलूही लागल्या. १९८१ च्या डॅटसन मॅक्सिमामध्ये एक चिमुकली तबकडी फिरायची आणि त्यातून बाईचा आवाज दिवे चालू असल्याचं सांगायचा. क्रायस्लरने १९८३ मध्ये त्याच कामाला चिप लावली. गाडीने चारचौघांत आपली चूक बोलून दाखवावी हे फारसं कुणाला रुचलं नाही, आणि शब्द मागे पडून सूर उरला.

आपल्याकडे मुंबईत गाडीच्या आवाजाची खरी ओळख झाली ती रिव्हर्स हॉर्नने. मागे येणाऱ्या वाहनाने वाजावं ही कल्पना जपानची. यामागुची इलेक्ट्रिकने १९६३ मध्ये असा भोंगा बनवला, तो ट्रक आणि अवजड यंत्रांसाठी. इथे तो मारुतीत आणि झेनमध्ये शिरला. लॅमिंग्टन रोडवर ट्रान्झिस्टरसारखी दिसणारी, तीन पायांची यूएम ६६ नावाची चिप मिळायची आणि तिच्या पोटात एक अख्खी धून भरलेली असायची. रिव्हर्सच्या दिव्याच्या वायरला जोडून दिली की गिअर मागचा पडताच गाडी गाऊ लागायची. रात्री साडेअकराला सोसायटीत कोण आलं, हे गॅलरीत न जाता धुनीवरून कळायचं. हौस मी समजू शकतो. पण केंद्रीय मोटार वाहन नियमांचा ११९ वा नियम एकामागून एक वेगवेगळे सूर काढणारा हॉर्न बसवायला मनाई करतो. शिवाय गाणं ऐकून मूल बाजूला होत नाही. ते गाडीपाशी येतं.

त्यात आणखी एक अडचण आहे. एकाच सुराचा बारीक 'पीं पीं' नेमका कुठून येतोय हे कानाला नीट ठरवता येत नाही, विशेषतः दोन्ही बाजूंना भिंती असतील तर. फसफस केल्यासारखा, अनेक कंपनं मिसळलेला आवाज कान चटकन दिशेसकट ओळखतो. म्हणून आता काही अवजड वाहनांना तसे भोंगे बसतात. ते लांबवर त्रास देत नाहीत आणि जवळच्याला मात्र नेमके सावध करतात.

मागच्या बंपरमधले सेन्सर आले आणि आवाज बाहेरच्यांऐवजी चालकासाठी झाला. प्रत्येक सेन्सर सुमारे ४० किलोहर्ट्झ किंवा त्याहून वरचा, माणसाला ऐकू न येणारा ध्वनी सोडतो आणि प्रतिध्वनीची वाट पाहतो. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एक मीटरवरच्या भिंतीला आपटून परत यायला जेमतेम सहा मिलिसेकंद. हा वेळ जितका कमी, तितके बीप जवळ जवळ. भिंत हातभर उरली की सलग. ही भाषा आपल्याला कुणी शिकवावी लागली नाही, कारण सोसायटीचा वॉचमन तीच बोलत आला आहे : "येऊ द्या... येऊ द्या... येऊद्या येऊद्या... बास!" आणि डिकीवर थाप. गाडीतल्या सगळ्या आवाजांत मला हा सर्वांत शहाणा वाटतो. तो फक्त कामापुरता येतो, किती अंतर उरलं ते सांगतो आणि काम झालं की गप्प होतो.

बाकीचे आवाज कसे ठरतात, तेही पाहू. पट्ट्याच्या बकलमध्ये एक स्विच असतो, सीटच्या गादीखाली वजन ओळखणारी जाळी. वजन आहे, बकल रिकामं आहे आणि गाडी चालू लागली आहे, या तीन गोष्टी जुळल्या की सूचना निघते. दादरहून आणलेली भाजीची पिशवी पुढच्या सीटवर ठेवली तर गाडी ओरडते ती यामुळेच. १९७४ ची किराण्याची पिशवी अजून आपल्याबरोबर आहे. निरनिराळ्या भागांचे संदेश एकाच तारेच्या जोडीवरून धावतात. ही 'कॅन' पद्धत बॉशने १९८६ मध्ये जगापुढे मांडली. तिचा नियम सुंदर आहे : दोन संदेश एकाच वेळी निघाले, तर ज्याचा क्रमांक लहान तो पुढे जातो आणि दुसरा स्वतःहून थांबतो. मीटरमागचा छोटा संगणक मग कोणता सूर वाजवायचा ते ठरवतो. साध्या गाडीत तो वीज लागताच थरथरणाऱ्या पिझो चकतीतून निघतो, महागड्या गाडीत गाणं हळू करून स्पीकरमधून.

भारतात पुढच्या सीटना पट्टे बसवणं १९९४ पासून सक्तीचं झालं, बीप मात्र बऱ्याच उशिरा आला. १ जुलै २०१९ पासून नव्या कारना चालक आणि शेजारच्या सीटसाठी पट्ट्याची आठवण, मागचे पार्किंग सेन्सर आणि वेगाचा इशारा सक्तीचा झाला : ८० च्या वर अधूनमधून, १२० च्या वर सतत. त्याबरोबर बाजारात क्लिपही आली, बकलमध्ये खोचून बीप गप्प करणारा धातूचा तुकडा. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. त्यानंतर केंद्राने मागच्या सीटसाठीही बीप आणण्याचा मसुदा काढला, आणि मुंबई वाहतूक पोलिसांनी गाडीतल्या सर्वांना पट्टा सक्तीचा केल्याचं जाहीर केलं. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांना त्या क्लिप काढायला लावल्या. १३,११८ नोंदी हटल्या. पन्नास वर्षांपूर्वी अमेरिकेत तोडलेली वायर इथे किरकोळ वस्तूसारखी घरपोच मिळत होती.

मला या क्लिपचा राग येतो. पट्ट्याचा बीप खोटं बोलत नाही. पट्टा नाही म्हणून तो वाजतो आणि लावला की थांबतो. वेगाच्या बीपचं तसं नाही. अटल सेतूवर ९५ ला तो विनाकारण टोचतो आणि कोस्टल रोडच्या बोगद्यात, जिथे मर्यादा ६० आहे, तिथे ७५ ला अवाक्षर काढत नाही. जपानच्या घंटेला जे साधलं होतं, ते इथे सुटलं.

विमानांच्या बाबतीत हे दुखणं आधीच ओळखलं गेलं होतं. ब्रिटनच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणासाठी रॉय पॅटरसन यांनी १९८२ मध्ये कॉकपिटमधल्या इशाऱ्यांची मार्गदर्शक तत्त्वं लिहिली. तोवरचे इशारे इतके मोठे होते की वैमानिक आधी आवाज बंद करायला धावायचा, बिघाड नंतर बघायचा. पॅटरसन यांचं म्हणणं होतं, आजूबाजूच्या गोंगाटात जेमतेम ऐकू येईल त्याहून १५ ते २५ डेसिबल वर पुरे. पुढे १९९१ मध्ये जुडी एडवर्दी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की सूर चढवला आणि ठोके जलद केले की कानाला घाई वाटू लागते. म्हणजे घाई वाढवायला आवाज वाढवण्याची गरज नाही. ज्या मुंबई शहरात हॉर्न ८५ डेसिबलच्या वर गेले की लाल सिग्नल पुन्हा पहिल्यापासून मोजू लागेल असा प्रयोग वाहतूक पोलिसांना करावा लागला, त्या शहरातल्या गाड्यांसाठी हे फार मोलाचं आहे.

युरोपीय संघात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या कारला त्या त्या रस्त्याची मर्यादा ओळखणारी यंत्रणा लागते. कॅमेरा पाटी वाचतो किंवा नकाशातून आकडा येतो, आणि इशारा त्या आकड्यावर ठरतो. चालक ती बंद करू शकतो, पण पुढच्या वेळी गाडी सुरू केली की ती पुन्हा चालू झालेली असते. इथे अशी गाडी आली, तर शिवडी ते चिर्ले ती १०० च्या आत गप्प राहील आणि कोस्टल रोडच्या बोगद्यात ६० ओलांडताच वाजेल. पाटी मात्र झाडाच्या फांदीआड किंवा फ्लेक्सच्या मागे दडलेली नसली पाहिजे.