पैलवानाची सही, भिंगाखाली

गॉर्जस जॉर्ज हा अमेरिकन पैलवान २६ डिसेंबर १९६३ रोजी लॉस एंजेलिसमध्ये हृदयविकाराने गेला. सह्यांसाठी आज जगभर वापरला जाणारा शार्पी मार्कर बाजारात आला १९६४ मध्ये. जॉर्जची शार्पीने केलेली सही कुणी विकायला आणली, तर या दोन तारखा माहीत असणाऱ्याला भिंग काढायचीही गरज पडत नाही.

इतकी सोपी प्रकरणं रोज येत नाहीत. पण जुन्या पैलवानांच्या सह्या जमवणाऱ्यांनी सुरुवात इथूनच करावी. अक्षराचं वळण नंतर बघू. आधी कागद, पेन आणि शाई त्या माणसाच्या हयातीतली आहेत का ते बघायचं.

इथे पैलवान म्हणजे आपल्या तांबड्या मातीतले नव्हेत. अमेरिकेतली व्यावसायिक कुस्ती हा निकाल आधीच ठरलेला, रिंगणातला रंगीत तमाशा आहे. हा जॉर्ज सोनेरी कुरळे केस मिरवत यायचा, त्याचा नोकर रिंगणात अत्तर फवारायचा आणि हा केसांतल्या सोनेरी पिना काढून लोकांत उधळायचा. अमेरिकेत टीव्ही नवा होता तेव्हा लोक त्याला बघायला संच लावून बसत. आपल्याकडे नव्वदच्या दशकात ट्रंप कार्डांवर पैलवानांची उंची-वजनं पाठ करणाऱ्या पोरांना हे जग वेगळं सांगायला नको.

या क्षेत्रात काही सह्या दुर्मीळ होण्याचं कारण बरेचदा दुःखद असतं: पैलवान लवकर गेले. ब्रायन पिलमन १९९७ मध्ये ३५व्या वर्षी, रिक रूड १९९९ मध्ये ४०व्या वर्षी. त्याच साली ओवेन हार्ट रिंगणावरून दोरीने खाली उतरण्याच्या खेळात पडून ३४व्या वर्षी. आंद्रे द जायंट जानेवारी १९९३ मध्ये पॅरिसमध्ये गेला तेव्हा ४६ वर्षांचा होता. त्याला अ‍ॅक्रोमेगली होती, म्हणजे शरीरात वाढीचं संप्रेरक प्रमाणाबाहेर तयार होत राहणं. त्यात हाडं जाड होतात, हातापायांचे पंजे वाढत राहतात आणि हृदयावरही ताण येतो. ज्या आजाराने त्याला राक्षसी देह दिला, त्यानेच त्याचं आयुष्य कमी केलं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे पैलवान फ्रँक गॉच आणि जॉर्ज हॅकनश्मिट यांची गंमत तर उलटीच आहे. गॉचने हॅकनश्मिटला शिकागोत दोनदा हरवलं, १९०८ आणि १९११ मध्ये. पण जिंकलेला गॉच १९१७ मध्ये चाळिशीत गेला आणि हरलेला हॅकनश्मिट १९६८ पर्यंत, नव्वदीपर्यंत जगला. साहजिकच सह्या करायला जास्त वर्षं मिळाली ती हरलेल्याला.

आता गॉचची म्हणून एखादी सही समोर आली तर काय बघायचं? अमेरिकेतल्या दुकानांत बॉलपेन आलं ते ऑक्टोबर १९४५ मध्ये. म्हणजे गॉचची शाईची सही टाकाची किंवा फाउंटन पेनाची असणार. निबेला मधोमध चीर असते. रेघ खाली ओढताना दाब वाढला की चिरेच्या दोन्ही बाजू फाकतात आणि रेघेच्या दोन्ही कडांना कागदात बारीक चरे पडतात, त्यात शाई जास्त साठते. दहापट भिंगातून हे दोन समांतर गडद रूळ नीट दिसतात. बॉलपेनाची रेघ याच्या उलट: मधून एकच गोलसर खाच. त्यातून टोकातल्या छऱ्याच्या खोबणीच्या कडेला बारीकसा खरवडा असेल तर रेघेत शाई न लागलेली पांढरी तार उमटते आणि वळणावर ती आतल्या कडेकडून बाहेरच्या कडेकडे सरकत जाते. यावरून पेन कोणत्या दिशेने फिरलं ते कळतं. नकल करणारा अक्षराचा आकार हुबेहूब उतरवतो, पण मूळ माणूस जो गोल उजवीकडून काढायचा तो हा डावीकडून काढतो. नुसत्या डोळ्याला दोन्ही गोल सारखेच दिसतात.

कागदाची परीक्षा अतिनील दिव्याखाली होते. साधारण १९५०च्या दशकापासून कागद आणि फोटोपेपर अधिक पांढरे दिसावेत म्हणून त्यात चमक आणणारी रसायनं घालू लागले. ती अतिनील प्रकाश शोषतात आणि निळसर उजळतात. गॉचच्या हयातीतला म्हणून विकायला आलेला फोटो निळा लखलखला, तर तो नंतर छापलेला आहे, विषय संपला. उलटा निष्कर्ष मात्र काढू नये. न चमकणारा कागद जुनाच असेल असं नाही, आणि जुन्या पुस्तकातलं कोरं पान फाडून त्यावर आज सही ठोकता येते.

अवरक्त प्रकाशात तर आणखी मजा. डोळ्याला एकसारख्या काळ्या दिसणाऱ्या दोन शाया तिथे वेगळ्या वागतात. कार्बन असलेली शाई काळीच राहते, बॉलपेनातली रंगद्रव्याची शाई बहुधा दिसेनाशी होते. समजा, पाच पैलवानांच्या खऱ्या सह्या असलेल्या फोटोवर कुणी नंतर सहावी, आंद्रेची, घुसडली, तर ती पकडायला हा प्रकाश उपयोगी पडतो.

छापील खुणाही विसरू नयेत. या कुस्त्या भरवणाऱ्या डब्ल्यूडब्ल्यूएफ कंपनीचं नाव डब्ल्यूडब्ल्यूई झालं ते मे २००२ मध्ये. ओवेन हार्ट १९९९ मध्ये गेलेला, तेव्हा डब्ल्यूडब्ल्यूईच्या चिन्हावर त्याची सही असूच शकत नाही. तसंच पैलवान स्टीव्ह ऑस्टिनचे ‘ऑस्टिन ३:१६’ हे गाजलेले शब्द पहिल्यांदा उच्चारले गेले जून १९९६ मध्ये. ‘मी ही १९९४ साली समोर उभं राहून घेतली’ अशी गोष्ट सांगून कुणी ३:१६ लिहिलेली सही विकायला आणली, तर सही कदाचित खरी असेल, गोष्ट खोटी आहे. आणि गोष्ट खोटी असेल तर मी पैसे खिशातच ठेवीन.

वस्तू काळाच्या परीक्षेत उतरली की मग अक्षराकडे वळायचं. सरावाची सही मेंदूत आधीच रचलेली असते. तिची एकेक रेघ सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास संपते, म्हणजे डोळ्याने चूक पाहून हात सावरायला वेळच नसतो. लाक्वानिती, तेर्झुओलो आणि विवियानी यांनी १९८३ मध्ये दाखवलं की हाताचा वेग आणि रेघेचं वळण यांचं ठरलेलं गणित असतं: वळण जितकं तीव्र, तितका हात आपोआप मंदावतो आणि सरळ रेघेवर पुन्हा धावतो. नकल करणारा मात्र ठिपक्यांच्या रांगोळीसारखा एकेक टप्पा बघत जातो. त्याचा वेग सगळीकडे सारखा आणि संथ. त्यामुळे रेघेची जाडी एकसारखी येते, सुरुवात आणि शेवट बोथट होतात, मध्येच थांबल्याच्या जागी मार्करची शाई ठिपक्यासारखी साचते. खऱ्या सहीत पेन कागदावर टेकण्याआधीच हलत असतं, म्हणून टोकं निमुळती असतात. नवखा ग्राहक ‘अक्षर जुळतंय का’ हेच बघतो, आणि बनवणाऱ्याने सगळी मेहनत नेमकी तिथेच घेतलेली असते.

जास्त जुळणं हाही दोषच. अमेरिकेत १८६८ मध्ये हाऊलंड मृत्युपत्राचा खटला गाजला. दोन सह्या इतक्या तंतोतंत एकमेकींवर बसत होत्या की एक दुसरीवरून गिरवली असल्याचा संशय आला. बेंजामिन पर्स या गणितज्ञाने आपल्या मुलाच्या मदतीने मृत्युपत्र करणाऱ्या बाईच्या ४२ खऱ्या सह्या घेतल्या, त्यांच्या ८६१ जोड्या लावल्या आणि खाली ओढलेल्या ३० रेघा कितीदा जुळतात ते मोजलं. सरासरी पाचांत एक रेघ जुळत होती. तीसच्या तीस जुळण्याची शक्यता काढली तर एकावर वीसहून जास्त शून्यं इतक्या वेळांत एकदा! प्रत्येक रेघ दुसरीपासून स्वतंत्र धरल्यामुळे हे गणित आज कच्चं मानतात, आणि खटल्याचा निकालही वेगळ्याच कायदेशीर मुद्द्यावर लागला. पण मूळ निरीक्षण पक्कं आहे: कुणीच माणूस दोनदा अगदी तीच सही करत नाही. एकाच पैलवानाच्या दोन फोटोंवर मापासकट तीच सही दिसली, तर शिक्का, यंत्र किंवा छपाई यांपैकी काहीतरी आहे. चाहत्यांना टपालाने पाठवलेल्या फोटोंवर छापील सह्या असायच्याच. फोटो तिरपा धरून बघा; खऱ्या शाईची चकाकी कागदाच्या चकाकीहून वेगळी पडते. छापील सही भिंगाखाली बरेचदा बारीक ठिपक्यांत विखुरते.

तज्ज्ञ तरी किती बरोबर असतात? मोशे काम आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये याची चाचणी घेतली. खोट्या सह्यांना खरं म्हणण्याची चूक तज्ज्ञांनी ०.४९ टक्के वेळा केली, सामान्य लोकांनी ६.४७ टक्के. खऱ्यांना खोटं ठरवण्यात तज्ज्ञ ७.०५ टक्के चुकले, सामान्य लोक तब्बल २६.१ टक्के. म्हणजे आपण भोळे असतो त्याहून जास्त संशयी असतो. अस्सल सही हातची घालवणाऱ्यांची कथा मात्र कुणी सांगत नाही.

काही कोडी विज्ञानाच्या हातातलीच नाहीत. जपानमध्ये १९८१ मध्ये सातोरु सायामा ‘टायगर मास्क’ म्हणून उतरला. १९८४ मध्ये तोच मुखवटा मित्सुहारु मिसावाने चढवला. ‘टायगर मास्क’ अशी सही दोघांचीही अस्सलच. मिसावा २००९ मध्ये रिंगणात कोसळून गेला, त्यामुळे ही सही नेमकी कुणाची याला मोल आहे, आणि त्यासाठी दोघांच्या हाताचे खात्रीचे नमुने शेजारी ठेवण्यावाचून गत्यंतर नाही.

मग प्रमाणपत्र कशाला असतं? एफबीआयने नव्वदच्या दशकाच्या शेवटी ‘ऑपरेशन बुलपेन’ नावाने खोट्या सह्यांचं जाळं उघडं पाडलं. त्या मालात मदर तेरेसांची सही असलेला बेसबॉलही होता! अशा मालासोबत प्रमाणपत्रंही फिरत होती. कागदावरचं होलोग्राम छापणं हे सही गिरवण्याहून सोपं काम आहे. मी विचारीन ते एवढंच: तपासणाऱ्याने कोणते नमुने शेजारी ठेवून पाहिलं?

मुंबईत २९ मे १९६८ रोजी दारासिंगने अमेरिकन पैलवान लू थेसला हरवलं. त्या काळच्या कुस्त्यांची पत्रकं, फोटो, कुणाकुणाच्या सह्या आपल्याकडच्या ट्रंकांत असतील. सापडलं तर ऊन लागू देऊ नका, मार्करची शाई उन्हात झपाट्याने विटते. आणि कृपा करून लॅमिनेट करू नका. आपल्याकडे जपून ठेवायचं म्हटलं की रेशनकार्डापासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळं त्या यंत्रातून जातं. एकदा का गरम प्लॅस्टिक चिकटलं की खाच, चरे, शाईची चकाकी, सगळं त्याखाली बुजतं आणि खरी सहीसुद्धा खरी असल्याचं दाखवणं अवघड होऊन बसतं.