मॅग्नेट उतरला नाही, आधी मीटर लावा

जुनी इलेक्ट्रिक गिटार मुकी झाली की आमच्याकडं परभणी-नांदेडच्या ऑर्केस्ट्रावाल्यांचं निदान ठरलेलं, "पिकअपचा मॅग्नेट उतरला." मग नवीन पिकअप मागवायचा, रेडिओ-टीव्ही रिपेअरवाल्याकडून बसवून घ्यायचा, अन् गिटार वाजायला लागते. कारण बसवताना त्याने सगळे जुने जॉइंट नव्यानं सोल्डर केलेले असतात, पण नाव होतं मॅग्नेटचं.

पिकअप म्हणजे अल्निको नावाच्या मिश्रधातूचा मॅग्नेट अन् त्याभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. वरची स्टीलची तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं अन् कॉइलमध्ये व्होल्टेज तयार होतं, फॅरेडेनं 1831 मध्ये दाखवलं तेच. अल्निको काही नुसत्या वयानं मरत नाही, त्याला भट्टीसारखी उष्णता नाहीतर शेजारी दुसरा जबरदस्त मॅग्नेट लागतो. तुटते ती कॉइलची बारीक तार, नाहीतर जॉइंट सुटतो.

आता माझा आवडता भाग. गिटार उघडायचीच नाही. केबल जॅकमध्ये खोचा, दुसऱ्या टोकाच्या पिनचं टोक अन् बाहेरची नळी यांना मल्टीमीटर लावा, ओहमवर ठेवा, व्हॉल्यूम फुल्ल. सिंगल कॉइल असेल तर साधारण 6 किलोओहम दिसतात, हंबकर (दोन कॉइलचा पिकअप) असेल तर 8 च्या आसपास. शून्य आलं तर कुठंतरी शॉर्ट आहे, बहुतेक जॅकमध्येच. काहीच आलं नाही तर जॅकपर्यंतची वायर तुटलीय किंवा केबलच गेलीय (केबल आधी वेगळी तपासा राव). अन् मीटर 250 दाखवू लागलं तर? सिंगल कॉइलच्या गिटारीत व्हॉल्यूमचा पॉट (नॉबखालचा, आत कार्बनचा ट्रॅक असलेला बदलता रेझिस्टर) 250 किलोओहमचा असतो, म्हणजे मीटरला फक्त पॉट दिसतोय, कॉइल सर्किटमध्येच नाही. एक तर तिची वायर सुटली, नाहीतर आतून तुटली.

आता व्हॉल्यूम हळूहळू कमी करा. आकडा कमी व्हायला पाहिजे असं वाटतं, पण तो आधी वाढतो, साधारण चौसष्ट किलोओहमपर्यंत जातो अन् मग शून्याकडं येतो. का? पॉटच्या मधल्या पायाकडून ग्राउंडला (म्हणजे पिनच्या बाहेरच्या नळीला जोडलेल्या बाजूला) दोन वाटा आहेत, एक खाली सरळ, दुसरी वरच्या अर्ध्या ट्रॅकमधून कॉइलमार्गे. बरोबर मध्यात एक वाट 125 ची, दुसरी 125 अधिक 6 म्हणजे 131 ची, अन् दोन्ही समांतर म्हणून निम्म्याच्या आसपास 64. (इथं डोकं दुखलं तर सोडून द्या.) आकडा सलग न सरकता उड्या मारत असेल तर कार्बनच्या ट्रॅकवर धूळ बसलीय, नॉब फिरवताना ऐकू येते ती हीच खरखर. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून नॉब दोन्हीकडं फिरवत राहा. खोबरेल तेल नको, त्यात आपल्याकडची उन्हाळ्यातली धूळ आणखी चिकटते.

सोल्डर करताना पॉटच्या पाठीवर ग्राउंडचा जॉइंट सगळ्यात दगा देतो, कारण तो पत्रा उष्णता ओढून घेतो अन् बारकं सोल्डरिंग आयर्न तिथं थंड पडतं. सोल्डर गोळी होऊन बसतं, चमकत नाही, हाच ड्राय सोल्डर. पत्रा पॉलिश पेपरनं खरवडून घ्या.

टोनच्या नॉबवरचा कपॅसिटर बदलून "व्हिंटेज टोन" येतो म्हणून हजारो रुपये मोजणारेही आहेत. 0.022 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर 82 हर्ट्झच्या जाड तारेच्या सुराला साधारण 88 किलोओहमचा अडथळा करतो, 3300 हर्ट्झला फक्त दोनेक किलोओहमचा, म्हणून वरचा कर्कश भाग ग्राउंडला वाहून जातो. हा हिशोब दोन रुपयांच्या सिरॅमिकलाही तसाच लागू. अँपला लिंबू-मिरची बांधून हम (स्पीकरमधली गुणगुण) जात नाही, तसाच हा प्रकार!

हमवरून आठवलं. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होते का बघा. काहीच फरक पडत नसेल तर ब्रिजखालची (तारा बॉडीवर जिथं टेकतात त्या पट्टीखालची) ग्राउंडची वायर सुटलीय. पण ती वायर जागेवर असली की तारा थेट अँपच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात, अन् गावाकडच्या मांडवात टू-पिनवर चाललेला अँप म्हणजे अर्थिंगच नाही, त्यात माइकला ओठ लागला की झटका. वाजवायच्या आधी तारेला टेस्टर लावा, त्याचा दिवा पेटला तर अँप बंद करा अन् अर्थिंगवाला पॉइंट मिळाल्याशिवाय गिटार हातात घेऊ नका.